गेट-टुगेदर

नाशिकमध्ये फ्लॅट घेताना लोक काय काय बघतात, याची यादी करायची तर हे अख्खं पान पुरणार नाही. गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो का? किचन कोणत्या दिशेला? पार्किंग कव्हर्ड की ओपन? गंगापूर रोडला पोचायला किती मिनिटं? जिममध्ये ट्रेडमिल किती? सॅम्पल फ्लॅटमधल्या उशांच्या अभ्र्यांचंसुद्धा कौतुक होतं. पण ज्याच्यापुढे तुमची गाडी रोज दोनदा हॉर्न वाजवून थांबते, ते खालचं लोखंडी मेन गेट स्वतःच्या हाताने ढकलून बघणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

हॉलिवूडच्या सिनेमात हिरो ऑफिसातून घरी येतो, गाडीतूनच रिमोट दाबतो आणि गॅरेजचं दार अलगद वर उचललं जातं. आपल्याकडे 'गॅरेज' म्हटलं की हाताला ऑइल लागलेला, 'संध्याकाळी घेऊन जा साहेब' म्हणणारा भाऊ आठवतो. घराला चिकटून गॅरेज असायची चैन इथे बंगलेवाल्यांचीच. बाकी आपण सगळे स्टिल्ट पार्किंगवाले. पण दाराचा प्रश्न आपल्यालाही आहे, फक्त त्याचे अवतार वेगळे. एक, सोसायटीचं सरकतं गेट. दोन, बंगल्याच्या पार्किंगचं शटर. आणि तीन, ज्यांनी ऑफिस, क्लास, बुटीक किंवा कॅफे एखाद्या गाळ्यात थाटलाय, त्यांचं रोज सकाळी वर आणि रात्री खाली होणारं शटर.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. आपल्या रोजच्या जगण्यात माणसाच्या हाताने हलणारी ही सगळ्यात जड वस्तू. सोळा फूट रुंद आणि सहा फूट उंच लोखंडी गेट, त्यावर बिल्डरच्या हौसेने मारलेला जाड पत्रा आणि सोसायटीच्या नावाची अक्षरं, असं सगळं धरलं तर दोन-अडीचशे किलो सहज भरतं. म्हणजे एका बुलेटपेक्षा जड. बुलेट स्टँडवर नीट उभी आहे ना, हे आपण दोनदा बघतो. गेटकडे एकदाही बघत नाही.

आता एक कटू गोष्ट. ३१ जुलै २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलमध्ये मुलं घरासमोर खेळत होती. त्यातल्या एकाने सरकतं गेट ओढलं, ते जागेवरून सुटलं आणि समोर असलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडलं. ती वाचली नाही. त्याचं सीसीटीव्ही फुटेज तेव्हा मोबाईलवरून मोबाईलवर फिरलं. तुमच्याही ग्रुपवर आलं असेल. खाली हात जोडलेले इमोजी, 'भयंकर', 'पालकांनी लक्ष द्यायला हवं' वगैरे. त्या संध्याकाळी किती सोसायट्यांमध्ये कोणी खाली उतरून स्वतःच्या गेटची चाकं बघितली असतील, देव जाणे.

त्या गेटचं नेमकं काय बिघडलं होतं, हे ठरवायचं काम पोलिसांचं. पण सरकतं गेट पडू शकतं कसं, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. स्टँड नसलेली सायकल डोळ्यांसमोर आणा. गेट खाली दोन चाकांवर उभं असतं, चाकं जमिनीत बसवलेल्या पट्टीवरून पळतात. एवढ्यावर ते उभं राहूच शकत नाही, कुठल्याही बाजूला कलंडेल. त्याला उभं धरतात ते वरचे रोलर. भिंतीच्या किंवा खांबाच्या ब्रॅकेटला लावलेले असतात आणि गेटची वरची कड त्यांच्यामध्ये पकडलेली असते. गेट ढकलताना ते शेवटपर्यंत गेलं आणि तिथे त्याला अडवणारं काही नसलं, तर ते या रोलरच्या पकडीतून बाहेर निघतं. मग त्याला धरायला काहीही उरत नाही.

शेवटी अडवणारी ती वस्तू म्हणजे स्टॉपर. लोखंडी अँगलचा वीतभर तुकडा. अडीचशे किलोचं गेट आणि एखाद्याचा जीव यांच्यामध्ये तेवढाच. आणि नेमका तोच पहिल्यांदा तुटतो, कारण दिवसातून शंभर वेळा गेट त्याच्यावर जाऊन आदळतं. तुटला की वॉचमन काका तिथे एक वीट ठेवतात. काही दिवसांनी वीट फुटते, मग दगड येतो. मध्यंतरी इंदिरानगरहून पाथर्डी फाट्यापर्यंत आतल्या गल्ल्यांतून चालत गेले तेव्हा विटेवर भरवसा टाकून उभी असलेली गेटं मी स्वतः बघितली आहेत, आणि एखाद-दुसरं नव्हे. बाहेर एलईडी पाटी, आत तीन सीसीटीव्ही कॅमेरे आणि स्टॉपरच्या जागी वीट!

तेव्हा येत्या रविवारी, पोहे झाल्यावर आणि दुपारच्या झोपेआधी, पंधरा मिनिटं काढा. मुलांना घरात ठेवा. वॉचमन काकांना बरोबर घ्या आणि गेट अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला सांगा. तुम्ही उभं राहायचं ते गेटच्या लांबीच्या रेषेत, म्हणजे त्याच्या टोकाकडे. गेटच्या तोंडासमोर कधीच नाही, कारण पडलं तर ते पुढे किंवा मागे पडतं. दोन्ही टोकांना पक्का स्टॉपर आहे का ते बघा. वरचे रोलर सगळे आहेत का, फिरतात का, ज्या ब्रॅकेटला लावलेत तो भिंतीतून हललाय का. खाली चाकं पट्टीवर नीट बसतात की एका बाजूला घासून झिजलीत. चाकाची खाच झिजली की ते पट्टीवरून उतरायला टपलेलंच असतं. गेट मध्येच अडतं, मग जोर लावला की एकदम सुटतं, असं होत असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय.

जोर लावायची सवय हाच खरा शत्रू. पावसाळ्यात पट्टीत मुरूम, खडी, बदामाची पानं आणि कोणाच्या तरी क्रिकेटच्या बॉलचं अर्धं शकल असं सगळं जमा होतं. कॉलनीतला रस्ता नव्याने झाला की त्याची उंची चार इंच वाढते आणि पाणी थेट गेटखाली येऊन थांबतं. मग गेट हलत नाही, म्हणून दोघं मिळून धक्का देतात. पट्टी झाडणं हे कोणत्याही प्रोफेशनलचं काम नाही. खराटा पुरतो. जून ते सप्टेंबर रोज सकाळी, बाकी वर्ष आठवड्यातून एकदा. हे वॉचमन काकांच्या कामाच्या कागदावर लिहून द्या, म्हणजे 'मला कोणी सांगितलंच नाही' हा प्रश्न मिटतो.

दोन पानांच्या, बिजागरीवरच्या गेटचं दुखणं वेगळं. तिथे सगळा भार वरच्या बिजागरीवर. गेट लावताना खालून जरा उचलून घ्यावं लागतंय? फरशीवर अर्धगोल ओरखडा उमटलाय? मग वरची बिजागरी सुटायला लागलीय किंवा ज्या पिलरमध्ये ती रोवलीय तो फुटायला लागलाय. गेटच्या टोकाला लटकून झोके घेणं हा आपल्या सगळ्यांच्या बालपणाचा भाग होता, मान्य. पण टोकाला लोंबकळणाऱ्या वीस किलोच्या पोराचा ताण बिजागरीवर वीस किलोचा राहत नाही, कित्येक पट होतो. हे पोरांना सांगून उपयोग नाही, ती ऐकणार नाहीत. गेटच तेवढं मजबूत लागतं.

आता शटर. इथे जरा थांबून बोलू या, कारण आपल्या वाचकांपैकी निम्मे तरी अशा ऑफिसात जातात जिथे 'जो पहिला येईल तो शटर उघडेल' हा अलिखित नियम असतो. आणि पहिला येणारा बहुधा सगळ्यात ज्युनिअर असतो. इंटरव्ह्यूला त्याला एक्सेल येतं का विचारलेलं असतं, शटर उचलता येतं का हे नाही.

आठ बाय आठ फुटांचं साधं लोखंडी शटर पट्ट्यांच्या जाडीप्रमाणे साठ ते ऐंशी किलोचं असतं. तरीही एक माणूस ते सरसर वर नेतो. कसं? वर, पत्र्याच्या त्या गोल कव्हरमध्ये एक पाइप असतो, त्याला शटर गुंडाळलं जातं आणि त्यात जाड स्प्रिंगा बसवलेल्या असतात. रात्री शटर खाली ओढताना तुम्ही नकळत त्या स्प्रिंगांना चावी देत असता, लहानपणीच्या चावीच्या मोटारीसारखी. सकाळी वर उचलताना तीच साठवलेली ताकद तुमच्या वतीने वजन उचलते. तुम्ही फक्त इशारा करता.

म्हणून शटर स्वतःच सांगतं की त्याला काय होतंय. गेल्या वर्षीपेक्षा उचलायला जड लागतंय आणि खाली येताना धाडकन येतंय? स्प्रिंग थकली किंवा एखादी तुटली. उलट खाली ओढायलाच जोर लागतोय आणि सोडलं की वर उसळी मारतंय? कोणीतरी स्प्रिंग जास्त ताणून ठेवलीय. नीट जुळलेलं शटर कमरेइतक्या उंचीवर आणलं की जवळजवळ तिथेच राहतं, हातातून फार निसटू बघत नाही. ही परीक्षा करताना हात काढायचा नाही, हँडल धरूनच अंदाज घ्यायचा. पाय तर खाली अजिबात नको.

पायावरून आठवलं. खाली आलेल्या शटरच्या पट्टीवर पाय देऊन ते दाबणं ही आपली राष्ट्रीय कला आहे. चपलेत. पावसात. कृपा करून बंद करा. तसंच शटर ओढताना पट्ट्यांच्या जोडात बोटं घालू नका. तिथे बोट जाईल एवढी जागा उघडते आणि पुढच्या क्षणी मिटते. हँडल वापरा, वरचं ओढायला हुकाची काठी वापरा. उचलताना कमरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यातून वाका. दिवसभर खुर्चीत बसून आधीच आपली पाठ काय कौतुकाची राहिलेली नाही.

आणि ते अर्धं शटर! नाशिकच्या मेनरोडला किंवा रविवार कारंज्याला दुपारी जा. मालक आत जेवायला बसलेले, शटर अर्ध्यावर, मुलगा त्याखालून वाकून आत-बाहेर. आता हीच पद्धत कॉलेज रोडच्या चकाचक ऑफिसांतही दिसते. रात्री उशिरा काम चाललंय, शटर अर्धं पाडलंय, पिझ्झावाला खालून पार्सल सरकवतोय. स्प्रिंग धडधाकट असेल तर ठीक. थकलेली असेल तर ते साठ-सत्तर किलो फक्त पट्ट्यांच्या घर्षणावर लटकलेले असतात. पाडायचं तर पूर्ण पाडा, ठेवायचं तर पूर्ण वर. अगदीच अर्धं हवं असेल तर शटरवाल्याकडून दोन्ही बाजूच्या चॅनेलमध्ये खिट्टीची सोय करून घ्या, छोटं काम आहे.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र एकच नियम, आणि यात 'आमच्या काकांना सगळं येतं' हा युक्तिवाद चालणार नाही. ते वरचं कव्हर उघडायचं नाही. नट सैल करायचा नाही. यूट्यूब बघून तर मुळीच नाही. ताणलेल्या स्प्रिंगमध्ये अख्ख्या शटरचं वजन पेलणारी ताकद कोंडलेली असते. नट फिरला की ती क्षणात सुटते, आणि फिरवणाऱ्याच्या हातातला पाना किंवा रॉड गरकन फिरून मनगटावर, नाहीतर तोंडावर येतो. जे रोज हेच काम करतात तेसुद्धा हे शिडीवर नीट उभं राहून, दोघं मिळून करतात.

मोठ्या शोरूमवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. धातूच्या शटरसाठी आपलं स्वतःचं भारतीय मानक आहे, आयएस ६२४८. त्यातला साधा हिशेब असा की हाताने वर-खाली ओढायचं शटर साधारण १२ चौरस मीटरपर्यंतच, तेही बॉल बेअरिंग असेल तर. त्याहून मोठ्याला गिअर आणि हँडल किंवा साखळी, नाहीतर मोटर. नवीन गाळा घेऊन त्याला पंधरा-सोळा फुटी रुंद शटर 'हातानेच होईल की' असं कोणी सांगत असेल, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

तेलाबद्दलही थोडं. शटर करकरलं की सगळ्यात आधी घरातून खोबरेल तेलाची बाटली येते. महिनाभर बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसून चिकट काळा थर तयार होतो आणि आवाज दुप्पट. बाजूच्या चॅनेलमध्ये जाड ग्रीसही नको, तिथे धूळ चिकटते. आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग सिलिकॉनचा स्प्रे किंवा हलकं मशीन ऑइल, तेही थोडंच. ग्रीसची जागा गेटच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये आणि बिजागरीत. तो निळ्या-पिवळ्या डब्यातला प्रसिद्ध स्प्रे गंजलेला नट सोडवायला झकास आहे, पण वर्षभराचं वंगण म्हणून त्याच्यावर अवलंबून राहू नका.

सराफ बाजार, भांडी बाजार भागात ज्यांची दुकानं किंवा ऑफिसं आहेत त्यांनी खालची पट्टी खास बघावी. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरी कुठपर्यंत आली होती हे त्यांना सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या किती वर पाणी, यावर अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं. पण पाणी ओसरल्यावर शटरच्या चॅनेलमध्ये बसलेला गाळ तसाच राहतो. लोखंड आतून खालून सडत जातं, वरून रंग शाबूत. बोटाने टकटक करून बघा, आवाज बद येतो का.

शटरचा अजून एक धोका आहे, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यात एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. दुकानाला बाहेरून कुलूप होतं. तुमच्या ऑफिसात नाइट शिफ्ट असेल, किंवा ऑफिस बॉय मागच्या खोलीत झोपत असेल, तर बाहेरून शटरला कुलूप लावून जाणं हे 'सिक्युरिटी' या शब्दात बसत नाही. आतून उघडणारा दुसरा रस्ता हवाच. आणि शटर मोटरचं असेल तर वीज गेल्यावर ते हाताने उचलायची साखळी किंवा हँडल कुठे आहे, हे आत असलेल्या प्रत्येकाला माहीत हवं.

मोटर म्हटलं की आता सगळे सरसावून बसतील. नवीन प्रोजेक्टमध्ये रिमोटचं गेट, बंगल्यात रिमोटचं शटर. स्टेटसही आणि सोयही, नाही म्हणत नाही. पण माणूस गेट ढकलतो तेव्हा समोर कोणी आलं तर त्याचा हात थांबतो. मोटरला समोर कोण आहे ते कळत नाही, तिला ते सांगावं लागतं. अमेरिकेत स्वयंचलित गॅरेज दारांखाली सापडून लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा तिथे कायदाच झाला. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती गॅरेजच्या मोटरला, दार बंद होताना काही मध्ये आलं तर लगेच उलट फिरण्याची सोय सक्तीची झाली. तिथली तपासणी अगदी साधी आहे. दाराखाली जमिनीवर दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवायची. दार तिला टेकल्यावर दोन सेकंदांत परत वर गेलं पाहिजे. ब्रिटनमध्ये तर २०१० मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन लहान मुली विजेवर चालणाऱ्या सरकत्या गेटमध्ये चिरडून गेल्या, आणि मग तिथल्या सुरक्षा खात्याने अशी गेटं बसवणाऱ्यांना इशारे काढले. दोन्ही देश आपल्यापेक्षा नियमाने चालणारे, तरी आधी मुलं गेली आणि मग नियम आले.

आपल्याकडे गेट बसवणारा बहुतेक वेळा गेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सेन्सरची छोटी काळी डबी लावून जातो. ती चालू आहे का, हे कोण बघतं? गेट बंद होत असताना एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका त्या डब्यांच्या मधल्या रेषेत सरकवा, लांब काठीने. गेट थांबायला हवं किंवा मागे फिरायला हवं. नाही झालं तर रिमोट बाजूला ठेवायचा, मोटरचा एमसीबी पाडायचा आणि बसवणाऱ्याला फोन. सेन्सर 'उगाच गेट थांबवतो' म्हणून त्याची वायर काढून ठेवलेल्या सोसायट्याही आहेत. तुमची त्यात नाही ना, बघा. आणि मोटर सोडवून गेट हाताने ढकलायची जी चावी असते ती कुठे आहे? बऱ्याच ठिकाणी सेक्रेटरींच्या कपाटात. सेक्रेटरी शिर्डीला. लाइट गेलेली, ॲम्ब्युलन्स बाहेर.

आता, बोलवायचं कोणाला आणि कधी. झाडणं, पुसणं, थोडं तेल, निरखून बघणं हे आपलं काम. जिथे वजन पेललं जातं, ताण साठवलेला असतो किंवा वीज असते, ते दुसऱ्याचं. चाक बदलणं, बिजागरी, रोलर, स्टॉपर वेल्ड करणं, स्प्रिंग, मोटर हे सगळं यात आलं. आपलं नशीब चांगलं, आपण नाशिकमध्ये राहतो. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीमुळे फॅब्रिकेशन कळणाऱ्या माणसांची इथे वाण नाही. अडचण एवढीच की आपण बोलावतो कोपऱ्यावरच्या 'वेल्डिंग मारून देतो' वाल्याला, आणि तोही गंजावरच, रंगावरच वेल्डिंग मारून जातो. दिसायला काम झालं. पण गंजलेल्या पत्र्याला चिकटवलेला स्टॉपर पहिल्या धडकेत हातात येतो.

चांगला कारागीर कसा ओळखायचा? तो भाव सांगायच्या आधी गेट स्वतः ढकलून बघतो. चाक काढायच्या आधी गेटला टेकू देतो, जॅक लावतो, दोरीने खांबाला बांधतो. ग्राइंडरने गंज उडवून मगच वेल्डिंग करतो. एकच चाक झिजलं असलं तरी दोन्ही बदला म्हणतो, आणि का तेही सांगतो. काम चालू असताना गेटमधून स्कूटर घालणाऱ्याला ओरडतो. असा माणूस सापडला तर दोनशे-पाचशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. बिलावर काय बदललं ते लिहून घ्या आणि पुढच्या वर्षी त्यालाच बोलवा, मे महिन्यात, पावसाच्या आधी.

खर्च कोणाचा, यावरून मात्र सोसायटीत महाभारत होतं. 'माझ्याकडे गाडीच नाही' म्हणणारे एक आजोबा प्रत्येक मीटिंगला असतातच. आदर्श उपविधींप्रमाणे सामायिक मालमत्तेची दुरुस्ती ही सोसायटीची जबाबदारी. ती मेंटेनन्समधून होते, गाडी असो वा नसो. बिल्डिंग नवी असेल तर आणखी एक रस्ता आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला, तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. फोनवर सांगू नका, ईमेल करा. फोटो जोडा. आणि दुर्दैवाने काही घडलंच तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर पोलीस स्टेशनात फार टिकत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू, पूर्वीचं कलम ३०४-अ, आता भारतीय न्याय संहितेत १०६. मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'गेट दुरुस्ती, विषय पुढे ढकलला' असं तीन वेळा लिहिलेलं असेल, तर ते कोणाच्या बाजूने वाचलं जाईल, याचा विचार चेअरमन साहेबांनी करावा.

शेवटी, खर्चिक नसलेली एक जुनी युक्ती. आपल्या वाड्यांच्या मोठ्या दरवाजात एक छोटी दिंडी असायची, नाशकातल्या जुन्या वाड्यांना अजून दिसते. हत्ती-घोडा, पालखी आली तरच मोठा दरवाजा. रोजचं येणं-जाणं दिंडीतून, वाकून. तुमच्या गेटला माणसांसाठी वेगळं छोटं दार आहे? असेल तर ते कुलूप लावून त्यापुढे कोणाची ॲक्टिव्हा लावलेली असते का? ते मोकळं केलंत तर दूधवाला, पेपरवाला, शाळेची मुलं, कुरिअर, स्वयंपाकाच्या मावशी या सगळ्यांसाठी अडीचशे किलोचं गेट दिवसातून शंभरदा हलवायची वेळच येणार नाही. चाकंही टिकतील आणि वॉचमन काकांचे खांदेही. नसेल, तर फॅब्रिकेटर स्टॉपर बसवायला येईल तेव्हाच त्याला विचारून ठेवा, बाजूच्या भिंतीत तीन फुटांचं दार बसवायला काय घेशील म्हणून. ३० सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सभा असतेच. विषयपत्रिकेवर गणपतीची वर्गणी आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांच्यामध्ये एक ओळ मावते.